बांधाआडची शेती आणि बदलते हवामान

कोकणातल्या खाड्यांच्या काठची बरीचशी भातशेती उधाणाच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. रायगड जिल्ह्यातले पेण, अलिबाग, उरण, पनवेल हे तालुके, त्यांच्या दक्षिणेला रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाड्या आणि पुढे गोव्यातल्या मांडवी-जुवारीचे काठ, या सगळ्या पट्ट्यात शेतकऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी मातीचे बांध घालून भरतीच्या तोंडची जमीन तोडून घेतली आणि तिच्यात भात लावला. महाराष्ट्रात तिला खारभूमी किंवा खारजमीन म्हणतात, गोव्यात खाजन. समुद्राची पातळी, पावसाची वेळ आणि बांधाची उंची या तिन्हींचा मेळ बसला तरच ही जमीन पिकते. हवामानबदलामुळे यातल्या पहिल्या दोन गोष्टी हलू लागल्या आहेत. तिसरी माणसाच्या हातात आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे.

मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार ते पाच मीटरचा फरक पडतो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो आणि गोव्यात दोन मीटरच्या आसपास येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमी-नवमीला भांग. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, हे गणित किनाऱ्यावर तोंडपाठ असते आणि ते कोळ्याइतकेच खारपट्ट्यातल्या शेतकऱ्यालाही लागते. खाडीच्या अंगाचा मुख्य बांध म्हणजे बाहेरकाठा. त्याच्या आत शेताशेतांचे लहान बांध. बाहेरकाठ्यात ठरावीक ठिकाणी उघाडी बसवलेली असते. उघाडीची लाकडी झडप खाडीच्या बाजूला टांगलेली असते. भरतीचे पाणी चढले की त्याच्या दाबाने ती मिटते. ओहोटी लागली, बाहेरची पातळी उतरली की आत साचलेले पावसाचे पाणी झडप ढकलून खाडीत निघून जाते. त्यासाठी माणूस लागत नाही आणि वीजही लागत नाही. गोव्यात हिलाच मानस म्हणतात. तिथे या दारावर मासेही धरले जातात. या मासळीचा संबंध पुढे येईल.

जमिनीतले मीठ वर्षभर एका जागी राहत नाही. पावसाळा संपला की खालचे खारे भूजल मातीच्या सूक्ष्म नळ्यांतून वर चढू लागते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. मार्च-एप्रिलपर्यंत खाचरांवर पांढरी खपली दिसू लागते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की उलटा प्रवास होतो. कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. खाचरात हे पाणी साचवायचे, मीठ त्यात उतरू द्यायचे आणि ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडून द्यायचे. असे दोन-तीन वेळा झाले की वरचा थर भात सोसेल इतका गोडा होतो. मीठ कायमचे जात नाही, चार महिन्यांपुरते खाली दाबले जाते. खाचरात गोडे पाणी उभे आहे तोवरच ते तिथे राहते.

मातीतल्या पाण्याचा खारेपणा डेसिसायमन प्रति मीटर या एककात मोजतात. सुधारित भाताच्या बहुतेक जातींचे उत्पन्न 3 डेसिसायमनच्या पुढे घटू लागते आणि नंतरच्या प्रत्येक एककाला साधारण 12 टक्क्यांनी उतरते. पण भात सगळ्या वयात सारखा हळवा नसतो. बियाणे खाऱ्या चिखलातही बऱ्यापैकी रुजते. दोन-तीन पानांचे रोप मात्र लगेच करपते. फुटवे येताना पीक पुन्हा दम धरते आणि पोटरी-फुलोऱ्यात पुन्हा नाजूक होते. म्हणून हंगामातला एकूण पाऊस किती झाला यापेक्षा तो कधी झाला याला खारपट्ट्यात जास्त किंमत आहे. जूनचा पाऊस लांबला तर रोपे मिठात सापडतात. सप्टेंबरमध्ये पंधरा दिवस उघडीप पडली तर खालचे मीठ नेमके फुलोऱ्याच्या वेळी वर येते आणि लोंब्या पळींजाने भरतात. गावाच्या पर्जन्यमापकावर सरासरीच्या शंभर टक्के नोंद असताना खाचर हातचे जाऊ शकते.

या जमिनीला जुन्या शेतकऱ्यांनी शोधलेले उत्तर म्हणजे रता, काळा रता, भुरा रता या रायगडकडच्या जाती आणि गोव्यातले कोरगुट व आसगो. तांबडा, जाड दाणा, उंच काड, बेताचे उत्पन्न; पण खारे पाणी शिरले तरी काही ना काही पदरात पाडणाऱ्या. केरळातला पोक्काळी याच कुळातला, आणि भाताच्या खारसहिष्णुतेवरचे जगभरचे बरेच संशोधन त्याच्यावर झाले आहे. पोक्काळीच्या पहिल्या गुणसूत्रावरचा साल्टोल नावाचा भाग रोपातील सोडियम आणि पोटॅशियम यांचे प्रमाण सांभाळतो, असे आढळले आहे. मुळांतून सोडियम वर चढतो तेव्हा पोटॅशियमची जागा तो घेतो आणि पेशींची कामे अडतात. पोक्काळी ही चढाई रोखून धरतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खारजमीन संशोधन केंद्र पनवेलला आहे. पनवेल 1, पनवेल 2 आणि पनवेल 3 या जाती त्याच केंद्राच्या. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या जोडीने विद्यापीठाने दिलेली ट्रॉम्बे कोकण खारा ही त्यानंतरची भर. गोव्यातील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्राने कोरगुटातून निवड करून गोवा धान मालिकेतल्या जाती दिल्या. या जातींचा काड जुन्या जातींपेक्षा ठेंगणा, उत्पन्न जास्त, आणि खार सोसण्याची ताकद बऱ्यापैकी टिकवलेली.

आता हवामानात काय बदलले आहे ते पाहू. हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटीमीटरने वाढली, आणि 2006 ते 2018 या काळात वाढीचा वेग वर्षाला 3.7 मिलिमीटरपर्यंत गेला. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु बाहेरकाठ्याची उंची वर्षातल्या चार-सहा मोठ्या उधाणांवर बेतलेली असते, आणि त्या दिवशी पाणी काठोकाठ असताना वीतभर वाढ म्हणजे बांधावरून पाणी आत. दुसरा परिणाम उघाडीवर होतो. बाहेरची पातळी जितकी वर, तितका ओहोटीला झडप उघडी राहण्याचा वेळ कमी, आणि तेवढे कमी पाणी बाहेर पडते. मुसळधार पाऊस आणि उधाण एकाच दिवशी आले तर झडप मिटलेलीच राहते आणि आतली शेती गोड्या पाण्यात बुडते. म्हणजे त्याच खाचराला एकदा खाऱ्या पाण्याचे आणि एकदा गोड्या पाण्याचे भय. अशा बुडितासाठी स्वर्णा सब-1 ही जात 2009 मध्ये भारतात प्रसारित झाली. तिचे रोप सुमारे दोन आठवडे पूर्ण पाण्याखाली राहून पुन्हा उभे राहते. खार आणि बुडीत, दोन्ही सोसणारे भात ही किनाऱ्याची खरी गरज आहे.

अरबी समुद्राचा स्वभावही बदलला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान आले. ऑक्टोबर 2019 मध्ये क्यार किनाऱ्याला न लागताही कापणीला आलेले भात भिजवून गेले. शेतातच दाण्यांना मोड आले. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धनच्या बाजूला, जमिनीवर आले आणि नारळ-सुपारीच्या वाड्या झोपवून गेले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते हापूसचा हंगाम चालू असताना किनाऱ्याला घासून वर सरकले. भाताचे नुकसान एका हंगामाचे असते. सुपारी किंवा नारळाचे झाड मोडले तर नवे लावून उत्पन्न सुरू व्हायला सात-आठ वर्षे जातात.

हवामानस्नेही शेती किंवा क्लायमेट-स्मार्ट शेती ही संकल्पना संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2010 च्या हेग परिषदेत मांडली. तिच्यात तीन उद्दिष्टे एकत्र बांधलेली आहेत: उत्पादन आणि उत्पन्न वाढवणे, बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे, आणि शेतीतून बाहेर पडणारे हरितगृह वायू कमी करणे. कागदावर तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसतात. शेतात तशा बसतातच असे नाही. उभ्या पाण्याच्या भातखाचरातून मिथेन निघतो. म्हणून भाताला आलटून पालटून ओले-कोरडे ठेवावे, अशी शिफारस जगभर होते आणि बागायती भातात तिचा उपयोगही होतो. खारपट्ट्यात मात्र खाचर कोरडे करणे म्हणजे खालच्या मिठाला वर येण्याचे आमंत्रण. गंमत अशी, की खाऱ्या मातीत सल्फेट भरपूर असल्याने सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंवर कुरघोडी करतात आणि तिथून मिथेन मुळातच कमी निघतो. तेव्हा बाहेरून आलेली शिफारस जशीच्या तशी लागू करण्याऐवजी जमिनीचा पोत बघणे बरे.

भातशेतीत कोकणातून निघालेल्या दोन पद्धती या संकल्पनेचे नाव रूढ होण्याआधीपासून किंवा तिच्याशी थेट संबंध न ठेवता तिची कामे करत आल्या आहेत. पहिली चारसूत्री. डॉ. ना. कृ. सावंत यांनी मांडलेली. भाताच्या तुसाची राख किंवा पेंढा जमिनीला परत देणे, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणे, दोन-तीन रोपांची नियंत्रित लावणी करणे आणि युरिया-डीएपीची गोळी खोल खोचणे, ही ती चार सूत्रे. लावणी अशी, की चार चुडांचा 15 सेंटीमीटरचा चौकोन आणि दोन चौकोनांमध्ये 25 सेंटीमीटरचे अंतर. प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी 2.7 ग्रॅमची एक गोळी, 7 ते 10 सेंटीमीटर खोल. हेक्टरी 62,500 चौकोन होतात, म्हणजे गोळ्यांचे एकूण वजन 170 किलोच्या आत. फेकलेला युरिया कोकणातल्या पावसात ओहोळावाटे खाडीला मिळतो. गोळीतला नत्र मुळाशी राहतो, आणि नत्र वाया न गेल्याने नायट्रस ऑक्साइडही कमी सुटतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने पहिला फायदा खताच्या पैशाचा.

दुसरी पद्धत सगुणा राइस तंत्र. कर्जत तालुक्यातील नेरळ येथे सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ते विकसित केले. यात चिखलणी नाही, लावणी नाही. एकदा गादीवाफे करायचे, साच्याने ठरावीक अंतरावर भोके पाडून बी टोकायचे, कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर पुढचे पीक घ्यायचे. चिखलणी टळल्याने डिझेल वाचते, राब भाजावा लागत नाही, आणि जमिनीतला सेंद्रिय कर्ब टिकतो. राब म्हणजे रोपवाटिकेच्या जागेवर झाडांच्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून ते जाळणे. तणाचे बी मरते म्हणून ही रीत टिकली, पण तिच्यापायी डोंगरउतारावरची झाडे दरवर्षी खोडापर्यंत खरवडली जातात. सगुणा तंत्रावर तणनाशकाच्या वापराबद्दल आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. खारपट्ट्यात पाणी उभे ठेवूनच मीठ दाबायचे असल्याने तिथे या तंत्राला मर्यादा आहेत. तिथली जुनी रहू पद्धत, म्हणजे चिखलावर मोड आलेले बी फेकणे, हाही मजूर वाचवण्याचाच मार्ग आहे.

मजूर हा शब्द इथे निसटता येऊन गेला, पण स्वीकाराचा निम्मा उलगडा त्यात आहे. कोकणातल्या घरटी एक-दोन माणसे मुंबईत, बंदरात किंवा औद्योगिक वसाहतीत कामाला. लावणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर त्यांची मजुरी भाताच्या दराला झेपत नाही. ज्या पद्धतीने मजुरी वाचते ती हातोहात उचलली जाते, मग तिला हवामानस्नेही म्हणा किंवा काहीही म्हणा. चारसूत्रीचे फायदे मोजून दाखवलेले असूनही ती सर्वत्र पसरली नाही, याचे एक मोठे कारण असे की भर पावसात वाकून हेक्टरी साठ हजारांवर गोळ्या हाताने खोचायच्या असतात. हे काम बहुधा बायकांच्या वाट्याला येते आणि निर्णय घेणारा चाकरमानी गणपतीला घरी येतो तेव्हा लावणी होऊन गेलेली असते.

पैशाचे गणित जिथे स्पष्ट असते तिथे हाच शेतकरी नवे तंत्र विलक्षण वेगाने घेतो, हे आंब्यात दिसते. 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, कलमे आणि खड्ड्यांची मजुरी सरकारने दिली, आणि दहा-पंधरा वर्षांत कातळ आणि वरकस जमिनी हापूस-काजूने भरल्या. पुढे दापोलीच्या संशोधनातून पॅक्लोब्युट्राझोलची शिफारस आली. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये झाडाच्या बुंध्याभोवती ते दिले की पालवी आवरते, मोहोर लवकर आणि दरवर्षी येतो. लवकरच्या पेटीला वाशीच्या बाजारात मिळणारा भाव बघून हे तंत्र वणव्यासारखे पसरले. आता परतीचा पाऊस नोव्हेंबरात रेंगाळतो, जमिनीतला ओलावा हटत नाही, थंडी उशिरा पडते. मोहोर लांबतो. ढगाळ हवेत तुडतुडे आणि भुरी येते, औषधाच्या फेऱ्या वाढतात. फळ धरल्यावर पुन्हा थंडीची लाट आली तर झाड पुनर्मोहोर काढते आणि आधीची वाटाण्याएवढी फळे गळतात. त्यावर जिबरेलिक आम्लाची फवारणी सुचवली जाते. मार्चच्या उन्हात फळे भाजतात, आणि वरून निर्दोष दिसणाऱ्या फळात साका निघतो. तापलेल्या जमिनीतून येणारी उष्णता हे साक्याचे एक कारण मानले जाते, म्हणून झाडाखाली गवताचे आच्छादन घालण्याची शिफारस आहे. साधी, स्वस्त आणि तिन्ही उद्दिष्टांत बसणारी. फवारणी मात्र सर्रास होते आणि आच्छादन मागे पडते, कारण कोरडे गवत म्हणजे वणव्याची धास्ती, आणि बाग एका लांबच्या माणसाने कराराने घेतलेली असेल तर त्याला यंदाच्या फळाशी मतलब.

खारपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी स्वतःहून केलेला एक प्रयोग याहून सरस ठरतो. अलिबाग तालुक्यातल्या खारगावांत घराजवळ किंवा शेताच्या कोपऱ्यात तळे खणून त्यात जिताडा पाळतात. पावसाळ्याच्या आरंभी खाडीतून पिल्ले धरून आणायची, तळ्यात सोडायची, लहान मासळी खायला घालायची. मासा दोन-तीन वर्षांत चांगला भरतो आणि अडीअडचणीला किंवा पाहुण्यांच्या मानाला उपयोगी पडतो. जिताडा गोड्या आणि खाऱ्या, दोन्ही पाण्यांत जगतो. त्यामुळे बांध फुटून तळे खारट झाले तरी मासा मरत नाही. पाणी काठावरून वाहून गेले तरच तो जातो. तळ्यातून निघालेल्या मातीने बांध चढवता येतो आणि साठलेले पावसाचे पाणी भाजीला मिळते. सुंदरबनात कॅनिंग टाउनच्या मृदा-लवणता संशोधन केंद्राने जमिनीचा सुमारे पाचवा हिस्सा खणून बाकीची जमीन उंचवण्याची जी पद्धत बसवली, तिचे सूत्र हेच.

कापणीनंतरच्या ओलीवर घेतला जाणारा वाल, आणि अलिबागचा भौगोलिक मानांकन मिळालेला पांढरा कांदा, ही पिकेही याच जातीची: नांगरट थोडी, पाणी थोडे. वालामुळे जमिनीला नत्रही मिळतो. त्यांचे क्षेत्र वाढू न देणारी गोष्ट हवामानाची नाही. भात कापले की गुरे मोकळी सोडायची, ही गावोगावची रीत. एकट्याने रब्बी पेरले तर शेजाऱ्याची गुरे ते चरतात. सगळ्यांनी पेरले तरच ते राखता येते. कुंपण घालावे तर क्षेत्र चार-पाच गुंठ्यांच्या तुकड्यांत विखुरलेले. सातबाऱ्यावर दहा-बारा नावे, त्यांतली निम्मी मुंबईला. अनुदानाच्या अर्जाला सर्व सहहिस्सेदारांची संमती लागते, ती जमवताना हंगाम निघून जातो. वानर आणि रानडुकरे वेगळीच. कोकणातल्या शेतकऱ्याला आळशी ठरवणारी जी एक शहरी टीका चालते, ती करणाऱ्यांनी ही संमतिपत्रे गोळा करून पाहावीत.

सरकारी योजनांचा भूगोलही थोडा विचित्र आहे. महाराष्ट्राचा हवामान-अनुकूल शेतीचा मोठा प्रकल्प, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, 2018 मध्ये सुरू झाला तो मराठवाडा, विदर्भ आणि जळगावच्या काही गावांसाठी. दुष्काळाचा विचार करता ते योग्यच. किनाऱ्याच्या वाट्याला हरित हवामान निधीच्या मदतीने 2019 पासून आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशात चाललेला प्रकल्प आला. त्याचा भर कांदळवने, खेकडापालन यांसारखे पर्यायी रोजगार आणि किनारी परिसंस्था यांवर आहे. खारबांध या दोन्हींच्या मधल्या फटीत राहतो.

बांध हे कोणा एका शेतकऱ्याचे साधन नाही. तो फुटतो कसा, हे पाहिले की हे उमजते. चिंबोऱ्या बांधात बिळे करतात. भरतीला बिळातून पाणी झिरपते, माती सैल होते. होड्या-बार्जच्या लाटा पायथा खातात. उधाणाच्या दिवशी त्या जागी भगदाड पडते, त्याला खांड जाणे म्हणतात. मग दर भरती-ओहोटीला, म्हणजे दिवसातून चार वेळा, पाणी खांडीतून धावते आणि तिला रुंद करते. ती बुजवायची तर भांगाच्या दिवसांत, ओहोटीच्या वेळात, वासे ठोकून, पेंढा आणि चिखलाच्या ढेपा रचून. पुढचे उधाण येण्याआधी काम झाले नाही तर पहिले पाढे पंचावन्न. एका खांडीने शेकडो शेतकऱ्यांची जमीन खारट होते, आणि ती धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात. ज्याने पनवेल 3 पेरले होते आणि ज्याने काहीच केले नव्हते, दोघांची खाचरे एकाच पाण्याखाली.

पूर्वी हे काम गावाने अंगावर घेतलेले होते. अलिबागच्या खारपट्ट्यात या सामूहिक व्यवस्थेला जोळ म्हणत. ज्याचे जेवढे क्षेत्र त्याने तेवढे श्रम द्यायचे, खांड गेली की घरटी माणूस निघायचा. ही व्यवस्था आदर्श होती असे मानण्याचे कारण नाही. खोतीच्या काळात जमिनीचे धनी वेगळे आणि चिखलात उतरणारी कुळे वेगळी होती. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने 1933 मध्ये चरी गावातून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप सहा वर्षे चालला, तो याच पट्ट्यातला. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या आणि नंतर 1979 च्या खारजमीन कायद्याने बांध घालणे व सांभाळणे हे सरकारी योजनेचे काम झाले. बांध पक्के झाले, उघाड्या सिमेंटच्या झाल्या, आणि जोळ विस्कटली. आता खांड गेली की अर्ज जातो, पाहणी होते, अंदाजपत्रक बनते, मंजुरी येते, निविदा निघते.

गोव्याचा अनुभव जवळपास हाच, फक्त वाट निराळी. तिथे गावकारी, म्हणजे पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद म्हटली गेलेली ग्रामसंस्था, मानसावरच्या मासेमारीचा हक्क लिलावाने देई आणि त्या पैशातून बांध राखी. कुळकायद्यानंतर हे काम कुळांच्या संघांकडे आले. कसणाऱ्याला जमीन मिळाली, हे न्याय्यच होते. पण मासळीचा भाव भाताच्या कितीतरी पुढे गेला आणि काही ठिकाणी ठेकेदाराला मानस उघडे ठेवून खारे पाणी आत घेणे फायद्याचे झाले. मासे वाढले, भात गेले. बांध राखण्यासाठी असलेले उत्पन्नच बांधाच्या मुळावर आले.

त्यात कांदळवनांचा प्रश्न मिसळतो. बांधाच्या बाहेर तिवरांची रांग असली की लाटा मंदावतात आणि बांध टिकतो. जुने शेतकरी ती मुद्दाम राखत. बांध फुटून शेत दोन-चार वर्षे खाऱ्या पाण्याखाली राहिले की तिवरे बांधाच्या आत, खाचरातच उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशापासून महाराष्ट्रात कांदळवन तोडण्यावर कडक बंदी आहे, आणि ती आवश्यकही आहे. पण ज्याच्या सातबाऱ्यावर भातशेती आहे त्याला स्वतःच्या खाचरातले तिवर काढता येत नाही, आणि दुरुस्ती वेळेत न झाल्याचा दोष त्याचा नसतो. बांधाबाहेरच्या तिवरांना पूर्ण संरक्षण आणि बांधाआडच्या जमिनीला ठरावीक मुदतीत दुरुस्तीची हमी, असा सरळ भेद धोरणात केला तर दोन्ही वाचतील.

खारपट्ट्यात वाण, गोळी, तळे, विमा या सगळ्यांचा लाभार्थी एकटा शेतकरी असतो आणि योजनाही त्याच्याच नावाने मोजल्या जातात. बांधाचा लाभार्थी संपूर्ण खार, म्हणजे त्या बांधाआडची सगळी शेती, असतो. तेव्हा हवामानस्नेही शेतीचा पैसा या किनाऱ्यावर सर्वांत आधी बाहेरकाठ्याची उंची वाढवण्यावर, उघाड्यांच्या देखभालीवर आणि प्रत्येक खारेच्या शेतकरी समितीच्या हाती तातडीच्या दुरुस्तीचा निधी ठेवण्यावर खर्च व्हायला हवा. खांड बुजवायला एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंत जेमतेम पंधरवडा मिळतो, आणि त्यातले भांगाचे दिवस चार-पाचच असतात.